नगरशेठ

टी-शर्टाच्या छातीवर शहराचं नाव आणि त्याखाली अजून न उजाडलेलं साल छापून जो माणूस चारचौघांत हिंडतो, तो नगरशेठ. त्याला शहराने निवडून दिलेलं नसतं, महापालिकेने नेमलेलं नसतं, आणि पगाराचं तर नावच काढू नका. टी-शर्टसुद्धा पदरमोड करून छापलेला असतो. स्वतःच्या गावात हा ओळखू येत नाही. तिथे तो एखाद्या विमा कंपनीत किंवा ग्रंथालयात मान खाली घालून काम करत असतो. त्याचं खरं रूप दिसतं ते परगावी, एखाद्या अवाढव्य सभागृहात, लांबट टेबलावर नकाशा, पेनं आणि चॉकलेटांचा वाडगा मांडून तो उभा असतो तेव्हा.

निमित्त असतं वर्ल्डकॉनचं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांचं हे जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा भरलं आणि महायुद्धातली चार वर्षं सोडली तर तेव्हापासून दरवर्षी भरतंय. ह्युगो पुरस्कार दिले जातात ते इथेच. एवढ्या मोठ्या संमेलनाला कायमचं कार्यालय नाही, कायमचा अध्यक्ष नाही आणि पगारी माणूस एकही नाही. दरवर्षी नवं शहर, नवी समिती. शहर कुठलं, हे दोन वर्षं आधी सभासद मतदान करून ठरवतात आणि मत द्यायचं तर पन्नास डॉलरच्या आसपास रक्कम आगाऊ भरावी लागते. मतासाठी पैसे वाटण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. मत देणाराच खिशात हात घालतो, हा प्रकार मी तिथेच पाहिला.

आपल्याकडे साहित्य संमेलनाची जागा ठरवायला महामंडळाची स्थळनिवड समिती गावोगाव जाते. तिला मैदान दाखवतात, पाहुण्यांच्या निवासाची सोय दाखवतात, गावात होऊन गेलेल्या संतांची आणि कवींची यादी देतात आणि शेवटी ज्यांच्या जिवावर हे सगळं व्हायचं त्या संभाव्य स्वागताध्यक्षांच्या बंगल्यावर चहाला नेतात. समितीतली अनुभवी मंडळी काय ते तिथेच समजतात. वर्ल्डकॉनवाल्यांकडे स्वागताध्यक्ष ही सोय नाही. साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, पालकमंत्री नाहीत. नगरशेठच स्वागताध्यक्ष, तोच कार्यवाह आणि सतरंज्या घालायची वेळ आली तर त्याही त्यानेच घालायच्या. आणि मतदार समितीतले पाच-सात जण नव्हेत, जगभर पसरलेले काही हजार चक्रम लोक. हा शब्द मी प्रेमाने वापरतोय, त्यांच्यात मीही येतो.

मी पाहिलेला सगळ्यात अस्सल नगरशेठ ग्लासगोचा. भेट झाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये, डब्लिनच्या वर्ल्डकॉनला. अंगात किल्ट, गळ्यातल्या बिल्ल्याला खाली रंगीबेरंगी फितींची अशी माळ लावलेली की ती पोटापर्यंत आली होती, आणि छातीवर ‘ग्लासगो २०२४’. मी टेबलाजवळून जाताना सहज वाडग्यातलं एक चॉकलेट उचललं. ते उचलणं म्हणजे संभाषणाला मान्यता देणं आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

“कुठून आलात?”

“पुण्याहून.”

हा प्रश्न तो आपुलकीने विचारतो असं वाटतं. तसं नसतं. उत्तर ऐकताच त्याची नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब गेली. विमानांचा हिशेब चालला होता. “दुबईला एकदाच बदलायचं, की थेट ग्लासगो. विमानतळावरून बस. पंधरा मिनिटं.” नगरशेठच्या शहरात कुठलीही गोष्ट कुठूनही पंधरा मिनिटांच्या वर नसते. ही मिनिटं चालत, बसने की मनाने मोजायची, हे विचारायचं नसतं.

मग त्याला आठवलं की मी भारतातून आलोय. त्याचा चेहरा उजळला. “चिकन टिक्का मसाला आमच्याकडे जन्मला, माहितेय?” हे सांगताना तो किंचित पुढे वाकला होता, जणू माझ्या हरवलेल्या भावाचा पत्ता देतोय. ग्लासगोच्या शीश महल नावाच्या हॉटेलात, १९७० च्या दशकात, कोरडं लागतं म्हणून गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या टिक्क्यावर टोमॅटोचं सूप ओतलं आणि हा पदार्थ झाला, अशी कथा आहे. त्या शहराच्या एका खासदारांनी २००९ साली या पदार्थाला ग्लासगोचा म्हणून युरोपीय संरक्षण मिळावं असा ठराव ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मांडला होता. पुण्याहून निघालेला माणूस साडेसात हजार किलोमीटर जाऊन टिक्का मसाला का खाईल, हा प्रश्न नगरशेठला पडत नाही. प्रत्येक देशाच्या माणसाला त्याच्याच देशाचं काहीतरी आपल्या गावात काढून दाखवलं की तो विरघळतो, असा त्याचा विश्वास.

“मी शाकाहारी आहे,” मी म्हटलं.

दुसरा कोणी असता तर वरमला असता. हा क्षणभरही थांबला नाही. “शाकाहाऱ्यांची ग्लासगोइतकी सोय अख्ख्या ब्रिटनमध्ये नाही!” मी मांसाहारी आहे, पण फक्त मंगळवारी, असं सांगितलं असतं तरी ग्लासगोचा मंगळवार किती चांगला असतो हे मला ऐकायला मिळालं असतं.

मग नकाशावर बोट फिरू लागलं. क्लाइड नदी. नदीकाठी संमेलनाची जागा. तिच्या शेजारी खवल्या मांजरासारख्या पाठीचं सभागृह, लोक त्याला आर्माडिलो म्हणतात. त्याच्या बाजूला फिनिस्टनची क्रेन, १९३२ सालची, आता नुसतीच उभी. “हिने उचलून जहाजावर ठेवलेली वाफेची इंजिनं तुमच्याकडे गेली.” ही गोष्ट मात्र खरी. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात बांधलेली इंजिनं रस्त्याने ओढत नदीवर आणत आणि तिथून ती साम्राज्यभर जात. भारत हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. मला वाटलं, माझे आजोबा ज्या गाडीने पंढरपूरला गेले तिचंही तो काहीतरी काढणार. पण बोट पुढे सरकलं होतं. भुयारी रेल्वे, १८९६ ची, लंडन आणि बुडापेस्टच्या पाठोपाठची. पंधरा स्टेशनं आणि मार्ग अगदी गोल. “चुकणं शक्यच नाही. नाही उतरलात तर जिथून बसलात तिथेच परत येता.” सभागृहाच्या दाराशी ती जात नाही, हे त्याने नंतर, जरा खालच्या आवाजात सांगितलं.

नगरशेठ आपल्या शहराबद्दल बोलतो ते नव्या सुनेने सासरी माहेराबद्दल बोलावं तसं. ‘आमच्याकडे ना’ ने सुरुवात, आणि त्या ‘आमच्याकडे’ मध्ये गळकं छप्पर, तापट काका, उधारी यांतलं काहीच येत नाही. फरक एवढाच, की सुनेने माहेर पाहिलेलं असतं.

हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सभासदत्वाच्या पावत्या फाडत बसली होती. “केल्व्हिनग्रोव्हचं संग्रहालय बघू या, असं मी लग्न झाल्यापासून म्हणतेय,” ती म्हणाली. “यांना रविवारी वेळ नसायचा. बिड करायचं, म्हणजे वर्ल्डकॉन मागायचं, ठरलं आणि एका महिन्यात चारदा गेलो.” गेले ते कसे, तर वही घेऊन. ती वही त्याने मला मोठ्या अभिमानाने दाखवली. केल्व्हिनग्रोव्हमध्ये दालीचं ख्रिस्ताचं प्रसिद्ध चित्र आहे. लोक ते पाहायला लांबून येतात. वहीत त्याची नोंद अशी: ‘दाली. समोर बाक. टेकता येतं.’ छताला टांगलेल्या स्पिटफायर विमानाखाली: ‘व्हीलचेअर वळते. स्वच्छतागृह डावीकडे, दार जड.’ कलासमीक्षेचे बरेच ग्रंथ मी चाळलेत. दार जड आहे हे त्यांतल्या कोणी सांगितलेलं नाही.

असल्या नोंदींना कारण आहे. शहराच्या पर्यटन खात्यात संमेलनं आणणारा एक विभाग असतो. त्यांच्या लेखी दातांच्या डॉक्टरांची परिषद आणि परग्रहवासीयांचे मुखवटे घालून येणारी मंडळी सारखीच. ते नगरशेठला गुळगुळीत पुस्तिकांचे गठ्ठे देतात आणि एक चित्रफीत देतात. तीत सूर्यास्ताला वाइन पिणारं जोडपं, स्पामध्ये पालथी पडलेली बाई आणि गोल्फ. स्कॉटलंडमध्ये गोल्फ टाळणं कठीण, पण विज्ञानकथेचा चाहता आणि गोल्फ यांचा काडीचा संबंध नाही. त्याला उन्हाचंच वावडं. म्हणून नगरशेठ रात्री जेवणाच्या टेबलावर बसून पुस्तिकेची शस्त्रक्रिया करतो. गोल्फ काढतो, जुन्या पुस्तकांची दुकानं घालतो. स्पा काढतो, रस्त्यावरच्या निळ्या पोलीसपेट्या घालतो. त्या पेट्या ग्लासगोत अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत, आणि ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेच्या भक्ताला त्यांपुढे फोटो काढायला मिळणं म्हणजे अर्धी काशी.

शहराचा विज्ञानकथेशी संबंध जोडणं हे नगरशेठचं आणखी एक कसब. ग्लासगोवाल्याला फार ताणावं लागत नव्हतं. ‘डॉक्टर हू’ झालेला पीटर कपाल्डी त्याच गावचा, ‘लॅनार्क’ लिहिणारा अ‍ॅलस्डेअर ग्रे तिथलाच. पण त्याचा हुकमाचा एक्का निराळा होता. १९५४ साली ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात शेकडो शाळकरी पोरं काठ्या-सुऱ्या घेऊन एका स्मशानात घुसली. लोखंडी दातांचं सात फुटी पिशाच्च दोन मुलांना खाऊन तिथे लपलंय, अशी आवई उठली होती. पोलिसांनी पोरांना कसंबसं घरी पाठवलं. मोठ्यांनी खापर फोडलं अमेरिकन भयकथांच्या कॉमिक्सवर, आणि पुढच्याच वर्षी मुलांना असली पुस्तकं विकण्याविरुद्ध पार्लमेंटने कायदा केला. “आमच्याकडची पोरं,” नगरशेठ छाती काढून म्हणाला, “वाचलेलं इतक्या गांभीर्याने घेतात.”

विनिपेगच्या माणसांना याहून कठीण पेपर असतो. कॅनडातलं हे शहर थंडीत उणे चाळीसपर्यंत जातं आणि उन्हाळ्यात डासांसाठी प्रसिद्ध आहे. त्याला २०२३ चं वर्ल्डकॉन हवं होतं. नगरशेठचं खरं पाणी अशा ठिकाणी जोखावं. उन्हाळ्यात या, थंडी नसते. डासांचं काय विचारलं तर म्हणायचं, थंडीत बिलकूल नसतात. बर्फाच्या त्या गावाला बर्फाचंच सरबत, स्लर्पी, खपवण्यातला जागतिक किताब वर्षानुवर्षं मिळत आलाय. हे भूषण की निदान, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. शहराच्या उत्तरेला नार्सिस नावाच्या ठिकाणी वसंतात हजारो बिनविषारी साप एकदम बिळांबाहेर येतात आणि एकमेकांत गुंतून जमिनीवर सळसळत राहतात. आपल्याकडे असं काही असतं तर जागा विकायला काढणाऱ्याने ते लपवून ठेवलं असतं. तिकडे ते प्रेक्षणीय स्थळ आहे आणि पार्किंगची सोय आहे. शिवाय विनी-द-पू हे नाव ज्या खऱ्या अस्वलीवरून आलं, तिचं नाव विनिपेगवरून पडलेलं, आणि विज्ञानकथाकार व्हॅन व्होग्ट त्याच प्रांतातला. अस्वल, साप आणि व्हॅन व्होग्ट एवढ्या भांडवलावर माणसं जगाला आमंत्रण देतात.

रात्री हीच मंडळी हॉटेलातल्या खोल्यांत पार्ट्या देतात. एकेका शहराची एकेक खोली, आत त्या मुलखाचा खाऊ, आणि न्हाणीघरातल्या टबात बर्फ भरून त्यात रोवलेल्या बाटल्या. फिनलंडची मंडळी साल्मियाक्की देतात, म्हणजे नवसागर घातलेल्या ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. आपल्याकडे भांड्याला कल्हई लावताना जो उडवतात, तोच नवसागर. ती गोळी तोंडात ठेवून हसतमुख राहणारा पाहुणा हे शहराला पडलेलं नक्की मत समजावं. ग्लासगोच्या पार्टीत टॅब्लेट होतं, साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची वडी. व्हिस्की होती आणि नारिंगी रंगाचं आयर्न-ब्रू. नगरशेठ दारातच उभा राहतो. बहुतेक लोक फुकट चीज कुठल्या खोलीत आहे हे शोधत आलेले असतात, हे त्याला ठाऊक असतं. तरी प्रत्येकाच्या हातात चीजच्या आधी नकाशा पडतो.

मतदान वेगळ्या वर्षांसाठी असलं तरी शेजारच्या खोलीची धाकधूक असतेच. डब्लिनला चीनच्या चेंगडूवाल्यांचं टेबल होतं, २०२३ साठी. त्यांच्याकडे पांडा. कापडी, पिनेचा, चिकटवायचा. लहान पोरं सोडा, साठीचे प्राध्यापक रांगेत उभे राहून पांडा घेत होते. “आमचं साल निराळं आहे, आम्हाला काय फरक पडतो,” असं नगरशेठ दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याच्याच्याने राहवलं नाही. “स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी ठाऊक आहे? एकशिंगी घोडा. त्यांचा पांडा निदान अस्तित्वात तरी आहे.” हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं की बढाई म्हणून, मला आजतागायत उमगलेलं नाही.

जाता जाता मी विचारलं, नकाशावर टोपीसारखं काय काढलंय. तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा. आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर घोड्यावर बसलेला, आणि डोक्यावर रस्त्याच्या कामाला ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू. पालिकेने काढला की रात्रीत कोणीतरी चढून नवा ठेवतं. गेली कित्येक दशकं हा खेळ चाललाय. २०१३ साली पालिकेने पुतळ्याचा चौथराच उंच करायचं ठरवलं, पासष्ट हजार पौंडांचं काम. गाव असं खवळलं की बेत सोडून द्यावा लागला. मी नगरशेठला म्हटलं, हा वेलिंग्टन आमचं जुनं गिऱ्हाईक. १८०३ साली जालन्याजवळ असईला याने शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवल्या, तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता.

नगरशेठने वही काढली. ‘असई’चं स्पेलिंग मला दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावरून जाताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो बंगळुरूहून आलेल्या एका मुलीला सांगत होता, “तुमच्या लोकांना ज्याने हरवलं त्याच्या डोक्यावर आम्ही रोज शंकू ठेवतो. तुमच्यासाठी!”

या जमातीला परंपराही आहे. कॅलिफोर्नियातल्या साउथ गेट नावाच्या चिमुकल्या गावातल्या रिक स्नीअरीने १९४८ साली घोषणा दिली, साउथ गेटला ५८ साली. गावात एवढ्या माणसांना पुरेल असं हॉटेल नव्हतं. दहा वर्षं तो आणि त्याचे मित्र हेच म्हणत राहिले आणि १९५८ चं वर्ल्डकॉन त्यांना खरंच मिळालं. भरवलं लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात. पण दोन्ही गावच्या महापौरांनी फर्मान काढून तेवढ्या दिवसांपुरतं ते हॉटेल साउथ गेटमध्ये असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे हद्दवाढीला किती वर्षं लागतात हे पाहता मला या घटनेचा फार आदर वाटतो. फिनलंडवाले २०१५ साठी हेलसिंकी घेऊन उभे राहिले, अमेरिकेतल्या स्पोकेनने त्यांना पाडलं. दोन वर्षांनी ते त्याच स्पोकेनला, विजेत्यांच्याच संमेलनात, गोळ्या घेऊन हजर झाले आणि तिथून २०१७ जिंकून घरी गेले. मिनिआपोलिसकरांची तऱ्हा न्यारी. त्यांना १९७३ चं यजमानपद हवं होतं. ते झालं टोरोंटोला. मिनिआपोलिसवाल्यांनी निकाल ऐकला आणि प्रचार चालू ठेवला, १९७३ साठीच. १९७३ उलटून गेल्यावरही अनेक वर्षं त्यांच्या पार्ट्या होत राहिल्या. हरण्याची भीती नाही, जिंकण्याचा धोका नाही. सगळ्या नगरशेठांत हेच मला सुखी वाटतात.

कारण जिंकण्याचा धोका असतो. २०२१ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला चेंगडूने विनिपेगचा २००६ विरुद्ध ८०७ असा पराभव केला. विनिपेगवाले दुःखी झाले, आणि मग वर्ल्डकॉन परदेशी गेलं की उत्तर अमेरिकेत जे पर्यायी संमेलन भरतं ते त्यांना मिळालं. साप, अस्वल सगळं सत्कारणी लागलं. ग्लासगोचा निकाल २०२२ ला शिकागोत लागायचा होता. आमच्या नगरशेठला झोप नव्हती, असं त्याच्या बायकोने कळवलं. विरोधात कोण उभं होतं? कोणीही नाही. मतपत्रिकेवर ग्लासगो आणि त्याखाली ‘वरीलपैकी कोणी नाही’. इतकी वर्षं इतके नकाशे वाटून हा माणूस नोटाला घाबरून जागत होता. ग्लासगो निवडून आलं आणि त्याचं नकाशे वाटणं संपलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी ग्लासगोला गेलो. दुबईला एकदाच बदलावं लागलं, हे कबूल करतो. संमेलन झकास होतं. देशोदेशीची माणसं नदीकाठच्या त्या आवारात सकाळी शिरत आणि रात्री बाहेर पडत. पाच दिवसांत बहुतेकांनी शहर म्हणून जे पाहिलं ते हॉटेल ते सभागृह एवढंच. मी वाट वाकडी करून वेलिंग्टन पाहून आलो. शंकू जागेवर होता. वाकून नमस्कार करायचा मोह मी टाळला.

नगरशेठ भेटला तो एका बिनखिडकीच्या बोळात. किल्ट तोच, फिती नव्हत्या, कानात वायर आणि हातात वॉकीटॉकी. गेल्या तीन दिवसांत आकाश पाहिलेलं नाही हे तोंडावरून दिसत होतं. एका खोलीत वक्ते पाच आणि माइक तीन, दुसरीत खुर्च्या जास्त आणि माणसं दारात अडलेली, असं काहीतरी चाललेलं. मी म्हटलं, तुमचा शंकू पाहिला.

“आहे ना अजून?” त्याने घाईघाईने विचारलं. “छान. तुमच्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड आहे का?”

नव्हता. तो धावत गेला.

शेवटच्या दुपारी मी पुढच्या वर्षांच्या बिडवाल्यांच्या टेबलांमधून हिंडत होतो. २०२८ साठी ब्रिस्बेनची मंडळी आली होती. एक तरुण मुलगी, छातीवर न आलेलं साल, वाडग्यात ऑस्ट्रेलियन बिस्किटं. तिच्यासमोर आमचा नगरशेठ खुर्चीत रेलून बसला होता. वॉकीटॉकी बंद होता आणि वही मांडीवर उघडी होती. मुलगी जीव तोडून सांगत होती, लोन पाइनचं कोआला अभयारण्य, १९२७ पासूनचं, शहरापासून अगदी जवळ, कोआला बघता बघता दुपार कशी जाते कळतसुद्धा नाही.

त्याने एक बिस्किट उचललं, शांतपणे चावलं आणि म्हणाला, “कोआला ठीक आहेत. हॉटेलवाले पार्टीत बाहेरची दारू आणू देतात का ते सांगा, आणि बाटलीमागे किती घेतात? आणि हो, स्वच्छतागृहांची दारं जड आहेत का?”

मुलीने नकाशा खाली ठेवला आणि पेन शोधायला लागली.